तार गेली, गाडी उरली

विजेवर चालणारी प्रवासी गाडी सेवेतून निवृत्त झाली की तिच्या जतनाचा प्रश्न वाफेच्या इंजिनापेक्षा वेगळ्या रीतीने समोर येतो. वाफेचे इंजिन आपली शक्ती स्वतःबरोबर वाहून नेते. बॉयलर शाबूत असला, कोळसा आणि पाणी मिळाले, तर योग्य रुंदीच्या कोणत्याही रुळांवर ते पेटवून चालवता येते. विजेच्या गाडीची मोटर डब्याखाली असली, तरी तिची वीज डोक्यावरच्या तारेतून किंवा शेजारच्या तिसऱ्या रुळातून येते. त्या तारेमागे सबस्टेशने असतात आणि सबस्टेशनांमागे वीजकेंद्र. विजेचा दाब बदलला, डीसीच्या जागी एसी आला किंवा मार्गच उखडला गेला, की काल धावणारी धडधाकट गाडी जागची हलू शकत नाही. त्यामुळे या गाड्यांच्या जतनाचा इतिहास हा त्यांच्या वीजपुरवठ्याचाही इतिहास आहे. कोणत्या गाड्या टिकल्या आणि कोणत्या भंगारात गेल्या, याचे कारण बरेचदा तिथेच सापडते.

विजेच्या रेल्वेचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक १८७९ मध्ये बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात झाले. वेर्नर फॉन सीमेन्सच्या कंपनीने तिथे एका छोट्या गोल मार्गावर माणसे बसवून गाडी फिरवली. ते चिमुकले इंजिन आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. चार वर्षांनी, ऑगस्ट १८८३ मध्ये, मॅग्नस वोल्क याने इंग्लंडमधील ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर विजेची छोटी रेल्वे सुरू केली, आणि ती आजही चालते. जगातील चालू स्थितीतील सर्वांत जुनी विद्युत रेल्वे हा मान तिचाच. आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटावर १८९३ मध्ये सुरू झालेल्या मँक्स इलेक्ट्रिक रेल्वेचे पहिले दोन डबे, क्रमांक १ आणि २, अजून त्याच मार्गावर आहेत. या दोन्ही ठिकाणी वारसा जपायचा असे ठरवून सुरुवातीला कोणी काही केले नव्हते. मार्ग छोटा होता, पर्यटकांच्या सोयीचा होता, आणि तो बदलण्याइतका पैसा कोणाकडे नव्हता. मार्ग आणि वीज जागच्या जागी राहिली, म्हणून डबेही राहिले.

लिव्हरपूलमध्ये याच्या उलट घडले. तिथल्या गोदीच्या कडेने लोखंडी खांबांवर उभारलेली लिव्हरपूल ओव्हरहेड रेल्वे १८९३ मध्ये सुरू झाली. उन्नत मार्गावरची विजेवर चालणारी ती जगातील पहिली रेल्वे. पावसात गोदीतले कामगार तिच्या खालून चालत जात, म्हणून लोक तिला ‘गोदीवाल्यांची छत्री’ म्हणत. पुढे लोखंडी सांगाडा गंजला, दुरुस्तीचा खर्च कंपनीच्या आवाक्याबाहेर गेला आणि ३० डिसेंबर १९५६ रोजी सेवा बंद झाली. त्यानंतर सारा सांगाडा उतरवण्यात आला. म्युझियम ऑफ लिव्हरपूलमध्ये या रेल्वेचा एक मूळ मोटर डबा उंचावर बसवला आहे, म्हणजे पाहणाऱ्याला तो पूर्वीच्या उंचीवर दिसतो. मांडणी विचारपूर्वक केलेली आहे, पण तो डबा चालवून दाखवण्याचा मार्ग कायमचा बंद झाला आहे.

ब्रिटनमध्ये जुन्या रेल्वेच्या जतनाची चळवळ स्वयंसेवकांनी उभी केली. वेल्समधील तालिलिन रेल्वे १९५१ मध्ये त्यांनी चालवायला घेतली आणि ससेक्समधील ब्लूबेल रेल्वे १९६० मध्ये सुरू झाली. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफेची गाडी बंद केली, तेव्हा या चळवळीला मोठे भरते आले. पण सारे प्रेम वाफेच्या वाट्याला गेले. भंगारवाल्याच्या आवारातून इंजिने सोडवून आणायला लोकांनी वर्गणी काढली. त्याच वर्षांत लंडनच्या दक्षिणेकडील उपनगरी विजेच्या गाड्या एकामागून एक मोडीत निघाल्या आणि त्यांच्यासाठी हळहळणारे फार थोडे होते. कारण समजण्यासारखे आहे. रोज सकाळी आठच्या गर्दीत जिच्यात उभे राहून ऑफिस गाठायचे, ती गाडी ऐतिहासिक वाटत नाही. लाखो माणसांच्या आयुष्याशी सर्वांत जवळून जोडलेली वस्तू सर्वांत शेवटी संग्रहालयात पोचते, हे रेल्वेच्या बाबतीत स्पष्ट दिसते.

दक्षिण इंग्लंडमधील सदर्न रेल्वेने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिसऱ्या रुळाचे प्रचंड जाळे विणले. लंडन ते ब्रायटन हा सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग १ जानेवारी १९३३ पासून विजेवर आला. या मार्गावर १९०८ पासून वाफेच्या इंजिनाने ओढली जाणारी ‘सदर्न बेल’ नावाची आलिशान पुलमन गाडी धावत होती. विजेसाठी तिचे डबे नव्याने बांधले गेले. बर्मिंगहॅमच्या मेट्रोपोलिटन-कॅमल कारखान्याने १९३२ मध्ये पाच-पाच डब्यांचे तीन संच, म्हणजे एकूण १५ डबे तयार केले. दोन्ही टोकांना मोटर डबे, मध्ये तिसऱ्या वर्गाचा एक डबा आणि स्वयंपाकघर असलेले पहिल्या वर्गाचे दोन डबे, अशी प्रत्येक संचाची रचना होती. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना नुसते क्रमांक होते. पहिल्या वर्गाच्या डब्यांना मात्र हेझेल, ऑड्री, ग्वेन, डॉरिस, मोना आणि व्हेरा अशी मुलींची नावे दिली होती. आतल्या भिंतींवर वेगवेगळ्या रंगांच्या लाकडी पातळ पट्ट्यांचे जडावकाम होते, प्रत्येक टेबलावर छोटा दिवा होता आणि जेवण जागेवर आणून मिळे. २९ जून १९३४ रोजी गाडीचे नाव ‘ब्रायटन बेल’ झाले. लंडन ते ब्रायटन तासाभरात, हे तिचे वैशिष्ट्य. मोटर डबे जड होते आणि वेगात चांगलेच हेलकावे देत. टेबलावरचा चहा सांडू नये म्हणून प्रवाशांना कप हाताने सावरावा लागे, पण त्यामुळे गाडीची लोकप्रियता कमी झाली नाही.

दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४० मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर बॉम्ब पडला आणि तिथे उभ्या असलेल्या संचाचे नुकसान झाले. ऑड्री आणि व्हेरा हे डबे त्याच संचातले. युद्ध संपल्यावर दुरुस्ती होऊन गाडी पुन्हा धावू लागली. तोवर डबे जुने होऊ लागले होते. साठच्या दशकाच्या शेवटी गाडीचा गडद तपकिरी आणि मलईसारखा रंग काढून ब्रिटिश रेल्वेचा निळा-राखी रंग दिला गेला आणि डब्यांवरची नावे गेली. त्याच सुमारास न्याहारीच्या यादीतून किपर, म्हणजे धुरी दिलेला हेरिंग मासा, वगळला गेला. तेव्हा ब्रायटनला राहणारे आणि या गाडीने नेहमी ये-जा करणारे नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि रेल्वेला मासा परत आणावा लागला. गाडीवर मात्र कोणाची मात्रा चालली नाही. ३० एप्रिल १९७२ रोजी ब्रायटन बेल शेवटची धावली.

या गाडीबाबत पुढे जे झाले, ते विजेच्या गाड्यांच्या जतनातली मुख्य अडचण दाखवते. रेल्वेने डबे विकले आणि ते देशभर पांगले. हेझेल उत्तर यॉर्कशायरमधील मोल्टन गावच्या ब्लॅक बुल या खानावळीच्या अंगणात जाऊन बसला आणि तिथे पाहुण्यांना जेवण वाढले जाऊ लागले. आणखी काही डबेही असेच हॉटेलांच्या आवारात गेले. ऑड्री, ग्वेन आणि व्हेरा व्हेनिस-सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेसच्या ब्रिटनमधील गाडीत सामील झाले. ती गाडी १९८२ पासून धावते आहे, तिची लाकडी सजावट उत्कृष्ट राखली आहे आणि ते डबे डोळे भरून पाहण्यासारखे आहेत. पण तिला दुसरे इंजिन ओढते. ज्या मोटर डब्यांमुळे ब्रायटन बेल ही ब्रायटन बेल होती, त्यांची त्या गाडीत काही गरज नव्हती. जडावकाम, दिवे आणि नावे यांना चांगले घर मिळाले, आणि विजेची यंत्रणा सायडिंगमध्ये गंजत राहिली. विजेच्या गाडीचा अंतर्भाग जपणे सोपे असते, कारण तो सुंदर असतो. तिचे कंट्रोल, रेझिस्टन्स आणि केबली जपायला वेगळ्या प्रकारचे प्रेम लागते.

ते प्रेम असलेली माणसे २००८ मध्ये ५-बेल ट्रस्टच्या रूपाने एकत्र आली. शक्य तितके मूळ डबे परत मिळवून एक संच स्वतःच्या शक्तीवर मुख्य मार्गावर धावता करायचा, हे ट्रस्टचे ध्येय. कागदावर ते साधे दिसते. तिसरा रूळ अजून जागेवर आहे आणि त्यातला दाब पूर्वीच्या सुमारे ६६० व्होल्टांवरून ७५० वर गेला असला, तरी प्रवाह अजून डीसीच आहे. पण मुख्य मार्गावर जायचे तर सिग्नल न जुमानता पुढे जाणारी गाडी आपोआप थांबवणारी सुरक्षा यंत्रणा हवी, रेडिओ हवा, प्रवासाची नोंद ठेवणारे उपकरण हवे आणि प्रवाशांनी दार उघडू नये अशी कुलपे हवीत. विजेचा जुना माल आजच्या नियमांत बसत नाही, म्हणून बोगी आणि मोटर नंतरच्या काळातल्या गाड्यांच्या वापरण्याचा मार्ग ट्रस्टने धरला. असे बदल केलेली गाडी मूळ गाडी राहते का, असा प्रश्न जतन करणाऱ्यांमध्ये नेहमी उठतो. त्याचे प्रामाणिक उत्तर हे की, चालती गाडी आणि अस्सल गाडी या दोन गोष्टी एकाच संचात क्वचितच मिळतात. शक्य तिथे एक संच चालता ठेवावा आणि दुसरा न बदलता छपराखाली ठेवावा, हाच त्यावरचा उपाय.

साध्या गाड्यांच्या वाट्याला एवढे वैभव आले नाही. १९३७ मध्ये लंडन-पोर्टस्मथ मार्गासाठी बांधलेल्या चार डब्यांच्या गाड्यांना लोक ‘नेल्सन’ म्हणत. त्यांच्या तोंडावर मध्यभागी ये-जा करायचा दरवाजा होता, एका बाजूला चालकाची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला मार्गाचा क्रमांक. त्यामुळे ते तोंड एकाक्ष दिसे, आणि पोर्टस्मथ हे तर नौदलाचे बंदर. अशा गाडीचा एक मोटर डबा यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेला. त्याच काळातला दोन डब्यांचा एक संपूर्ण संच, क्रमांक २०९०, राष्ट्रीय संग्रहात आहे. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट ते शेनफील्ड या मार्गासाठी १९४९ मध्ये बांधलेल्या गाड्यांपैकीही एक तीन डब्यांचा संच राखला आहे. या संचाची कथा मुंबईकरांना जवळची वाटावी. तो मार्ग मुंबईसारखाच १५०० व्होल्ट डीसीवर सुरू झाला होता. अवघ्या अकरा वर्षांत तिथे एसी आला आणि गाड्यांमध्ये ट्रान्सफॉर्मर बसवून त्यांना नव्या विजेवर चालवले गेले. संग्रहालयात उभा असलेला संच हा असा बदललेला संच आहे. १९४९ सालची मूळ गाडी कोणालाच दाखवता येत नाही.

ब्रिटनमधील सर्वांत मनासारखा प्रयोग लिमिंग्टन नावाच्या छोट्या फाट्यावर झाला. हाताने ओढून आपटायची दारे असलेल्या जुन्या गाड्या सुरक्षेच्या कारणास्तव २००५ च्या अखेरीस मुख्य मार्गांवरून काढून टाकण्यात आल्या. पण ब्रॉकनहर्स्ट ते लिमिंग्टन या काही किलोमीटरच्या मार्गावर एकाच वेळी एकच गाडी जात-येत असे, म्हणून तिथे सवलत मिळाली. तीन-तीन डब्यांचे दोन संच दुरुस्त करून त्यांना जुने रंग दिले गेले, एकाला हिरवा आणि दुसऱ्याला निळा-राखी. मे २०१० पर्यंत ते नेहमीच्या वेळापत्रकात, नेहमीच्या तिकिटावर धावले. पर्यटकांसाठी जादा भाडे नाही, सणापुरती फेरी नाही. शाळेतली मुले आणि बाजारहाट करणाऱ्या बायका त्यातून जात होत्या. विजेची गाडी ज्या कामासाठी बांधली, ते काम करत असताना जपली गेली, अशी उदाहरणे फार नाहीत. वाइट बेटावर हेच अजाणता घडले. राइडचा बोगदा इतका ठेंगणा की त्यातून साधे डबे जात नाहीत, म्हणून १९६७ पासून तिथे लंडनच्या भुयारी रेल्वेचे जुने डबे वापरले गेले. त्यांतले १९३८ च्या बांधणीचे डबे ३ जानेवारी २०२१ पर्यंत, म्हणजे ८० वर्षांहून अधिक काळ, प्रवासी नेत राहिले.

स्वयंसेवकांच्या छोट्या रेल्वेकडे गेलेल्या विजेच्या गाड्यांचे हाल मात्र होतात. अशा मार्गांवर तार नसते. तिसरा रूळ नव्याने टाकायला आता परवानगी मिळणे जवळजवळ अशक्य, कारण जमिनीजवळचा उघडा ७५० व्होल्टांचा रूळ चालणाऱ्या माणसासाठी जीवघेणा असतो. मग डिझेल इंजिन लावून डबे ओढावे लागतात आणि पाहणाऱ्याला ती साधी जुनी गाडी वाटते. त्यात पन्नास-साठच्या दशकांतल्या अनेक डब्यांत उष्णतारोधक म्हणून ॲसबेस्टॉस भरलेला असतो आणि तो काढण्याचा खर्च डब्याच्या किमतीहून अधिक होतो. कोव्हेंट्रीजवळचे विजेच्या रेल्वेला वाहिलेले संग्रहालय २०१७ मध्ये जागा गेल्यामुळे बंद पडले, आणि वर्षानुवर्षे जमवलेल्या गाड्यांना नवे घर शोधण्याची पाळी आली. उघड्यावर उभ्या असलेल्या पोलादी डब्याला पावसाळी हवेत दहा वर्षेही पुरेशी असतात. छप्पर ही जतनाची पहिली गरज आहे आणि बहुतेकदा ती शेवटी भागवली जाते.

न्यूयॉर्कमध्ये सगळे जुळून आले. ब्रुकलिनमधील कोर्ट स्ट्रीट हे भुयारी स्थानक १९३६ मध्ये उघडले आणि प्रवासी फारसे नसल्याने १९४६ मध्ये बंद झाले. १९७६ मध्ये तिथेच ट्रान्झिट म्युझियम सुरू झाले. फलाटाच्या दोन्ही बाजूंना जुने डबे उभे असतात. तिथला तिसरा रूळ चालू आहे आणि तो शहराच्या जाळ्याला जोडलेला आहे. या भुयारी रेल्वेची वीज १९०४ पासून मूलतः बदललेली नाही, त्यामुळे १९३० च्या दशकातल्या गाड्या नाताळच्या सुमारास संग्रहालयातून बाहेर पडतात आणि स्वतःच्या मोटरवर शहराखालून प्रवासी नेतात. छपराखालचा पंखा, वेताच्या बैठका, उघडे दिवे, सगळे जसेच्या तसे. याच शहराने २००१ पासून ‘रेडबर्ड’ नावाचे १,२०० हून अधिक लाल डबे अटलांटिक किनाऱ्यालगत समुद्रात बुडवले. मासे आणि शिंपले वाढावेत म्हणून त्यांचे कृत्रिम खडक केले गेले. त्यातले मोजके डबे संग्रहासाठी आधीच बाजूला काढले होते. जतन म्हणजे निवड, आणि ती निवड गाड्या मोडीत निघण्यापूर्वी करावी लागते.

मेलबर्न हेही असेच भाग्यवान शहर. तिथे १९१९ मध्ये विजेची उपनगरी सेवा सुरू झाली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि आजही तीच आहे. लाकडी डब्यांच्या ‘टेट’ गाड्या १९८४ पर्यंत नियमित सेवेत होत्या. त्यांना स्वयंसेवकांनी राखले आणि त्यांच्या तारेत अजून वीज आहे. नेदरलँड्समध्येही १५०० व्होल्ट डीसी टिकून आहे. कुत्र्याच्या तोंडासारखा पुढचा भाग असल्याने ‘हाँडेकॉप’ नाव पडलेल्या १९५० च्या दशकातल्या गाडीचा एक संच तिथे एका संस्थेने चालता ठेवला आहे. जपानने न चालवता जपण्याचा मार्ग काटेकोरपणे पाळला. टोकियोच्या गिन्झा मार्गावर १९२७ मध्ये धावलेला पहिला पिवळा डबा, क्रमांक १००१, भुयारी रेल्वेच्या संग्रहालयात आहे आणि २०१७ मध्ये त्याला राष्ट्राच्या महत्त्वाच्या सांस्कृतिक मालमत्तेचा दर्जा मिळाला. मंदिरे आणि मूर्तींना मिळणारा हा दर्जा एका लोकल डब्याला मिळावा, ही गोष्ट भारतातल्या रेल्वेप्रेमींनी लक्षात घ्यावी अशी आहे.

भारतातला विजेच्या गाडीचा इतिहास मुंबईत सुरू होतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी जीआयपी रेल्वेची पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून (आताच्या सीएसएमटीहून) हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि वीज होती १५०० व्होल्ट डीसी. जानेवारी १९२८ मध्ये बीबी अँड सीआय रेल्वेची कुलाबा ते बोरिवली सेवा विजेवर आली. घाट ओलांडून तार पुण्याला पोचली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. ही गाडी ब्रायटन बेलची समकालीन म्हणावी लागेल. विजेवर धावणारी, खाण्यापिण्याची सोय असलेली, शनिवार-रविवारच्या मौजेसाठी सुरू केलेली. तिच्या डब्यांच्या खालचे सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. सात डब्यांच्या दोन रेकपैकी एकाचा रंग रुपेरी आणि दुसऱ्याचा निळा होता. ब्रायटन बेल बंद होऊन मग तिचे जतन सुरू झाले. डेक्कन क्वीन बंद कधी झालीच नाही. नव्वद वर्षांत डबे अनेकदा बदलले, २०२२ मध्ये ती एलएचबी डब्यांवर आली, आणि डायनिंग कार तिच्यात कायम राहिली. नाव, वेळ, मार्ग आणि रोजचे पासधारक टिकले. १९३० ची गाडी मात्र त्यात शोधून सापडत नाही.

मद्रासमध्ये १९३१ मध्ये मीटर गेजवर १५०० व्होल्टांच्या लोकल आल्या, आणि हावड्यात १९५७ मध्ये ३००० व्होल्ट डीसीवर विजेच्या लोकल सुरू झाल्या. पण भारतीय रेल्वेने पुढे २५,००० व्होल्ट एसी हीच देशभराची पद्धत ठरवली, आणि ही दोन्ही शहरे काही वर्षांत बदलली. मुंबईत तो बदल सर्वांत उशिरा झाला. रोज लाखो प्रवासी नेणारी यंत्रणा एक दिवसही थांबवता येत नव्हती, म्हणून आधी दोन्ही विजेवर चालणारे रेक आणावे लागले. गरज खरीच होती. १५०० व्होल्टांवर प्रवाह फार मोठा लागतो, तारा जाड लागतात, दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागते, आणि १२ किंवा १५ डब्यांच्या गाड्या दाटीने सोडायच्या तर ती पद्धत अपुरी पडते. पश्चिम रेल्वेवर फेब्रुवारी २०१२ मध्ये हा बदल पुरा झाला आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये. हार्बर मार्गावर ९ एप्रिल २०१६ च्या रात्री शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसला आली. जिथे सुरुवात झाली, त्याच दोन स्थानकांच्या दरम्यान ९१ वर्षांनी शेवट झाला.

त्या गाड्यांचे यंत्र कसे चाले, हे समजून घेतले तर काय गेले ते कळते. मोटरमनने हँडल पहिल्या नॉचवर आणले की डब्याखालची स्विचगिअर खटकन जुळे. सुरुवातीला पूर्ण दाब मोटरवर सोडला तर ती जळून जाईल, म्हणून मध्ये लोखंडी रेझिस्टन्सच्या जाळ्या घातलेल्या असत. गाडी वेग घेई तसतशा त्या एक-एक करून बाजूला काढल्या जात. मोटरी आधी एकामागोमाग जोडलेल्या आणि वेग आल्यावर समांतर. प्रत्येक टप्प्याला एक हलका झटका प्रवाशाला जाणवे, आणि फलाटावर उभ्या माणसाला खालून तापलेल्या लोखंडाचा वास येई. हँडलवरचा हात सुटला तर ब्रेक लागत. यात एकही संगणक नव्हता. प्रत्येक संपर्क उघडून, घासून, पुन्हा बसवणारे हात कारशेडमध्ये होते. एसी गाड्यांत हे सगळे इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी होते, झटका नाही आणि वासही नाही. प्रवाशाच्या सोयीचा विचार केला तर बदल चांगलाच झाला.

या काळातील इंजिनांना राष्ट्रीय पातळीवर जागा मिळाली आहे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झाले. तिथे घाटात मालगाड्या चढवणारे, लांब नाकाचे, आडव्या दांड्यांनी चाके फिरवणारे डब्ल्यूसीजी-१ इंजिन आहे, ज्याला रेल्वेतली माणसे ‘खेकडा’ म्हणत. प्रवासी गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूसीपी-१ वर्गाचे ‘सर रॉजर लम्ली’ हे इंजिनही तिथे आहे. जीआयपीच्या काळातले एक विद्युत इंजिन मुंबईच्या टर्मिनसजवळच्या हेरिटेज गल्लीत ठेवले आहे. टर्मिनसची इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि दार्जिलिंग, निलगिरी व कालका-सिमला या डोंगरी रेल्वेही त्याच यादीत आहेत. भारतात रेल्वेचा वारसा म्हटले की डोळ्यांसमोर येते ती वाफ, डोंगर आणि दगडी कमान. मुंबईच्या लोकलचा मोटर कोच त्या चित्रात अजून बसत नाही, जरी शहराला तिनेच आजचा आकार दिला. गिरगावातला कारकून कांदिवलीला राहायला जाऊ शकला तो तिच्यामुळे, आणि बदलापूरचा भाजीवाला पहाटे दादरला पोचू शकला तोही तिच्यामुळे.

चालती गाडी दाखवण्याची सर्वांत सोपी संधी देशात सध्या कोलकात्यात आहे. तिथल्या मेट्रोचे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेले मूळ, बिनवातानुकूलित रेक १९८४ पासून धावत होते. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांना निरोप दिला गेला. पण तिसऱ्या रुळातले ७५० व्होल्ट डीसी तसेच आहेत, म्हणजे राखलेला एखादा रेक तिथे न्यूयॉर्कसारखा स्वतःच्या मोटरवर चालवता येणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. मुंबईत ती सोय उरलेली नाही. चर्चगेटपासून विरारपर्यंत आणि सीएसएमटीपासून कर्जतपर्यंत आता सगळीकडे २५,००० व्होल्ट आहेत, आणि जुन्या डीसी मोटर कोचला ती वीज चालत नाही.

त्यावर उपाय नाही असे नाही. एखाद्या कारशेडच्या आवारात दोन-तीनशे मीटरचा वेगळा मार्ग, त्यावर १५०० व्होल्टांची तार आणि एक छोटा रेक्टिफायर एवढ्यात मोटर कोच आणि दोन ट्रेलर पुढे-मागे करून दाखवता येतील. असे रेक्टिफायर आजही बनतात. बाजारात न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. मूळ रेझिस्टन्स, संपर्काचे भाग, वायरिंगचे नकाशे आणि ते यंत्र वर्षानुवर्षे उघडून दुरुस्त करणाऱ्या कारशेडच्या कामगारांचे ज्ञान. डीसी लोकल चालवलेले मोटरमन आणि त्यांची देखभाल केलेले फिटर आता निवृत्त होत आहेत. डबा छपराखाली आणण्याचे काम रेल्वेला पुढेही करता येईल, पण या माणसांकडून नकाशे समजून घेणे आणि त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे हे काम आता हाती घ्यायला हवे.